यंत्राचें आयुष्य आणि त्याचा सांधा



घरांतील विजेचा दिवा गेला म्हणजे आपण बाजारांतून नवा आणतों, होल्डरमध्यें घालून किंचित् फिरवितों, आणि खोली पुन्हां उजळते. या कृतींत आश्चर्य करण्यासारखें कांहीं आहे असें कोणासही वाटत नाहीं. परंतु क्षणभर विचार करून पाहा. जुन्या घरांतील त्याच होल्डरांत पूर्वीं तार तापवून प्रकाश देणारा ६० वॅटचा दिवा असे. आज तेथेंच ९ वॅटचा एलईडी दिवा बसतो. प्रकाश निर्माण करण्याचें शास्त्र मुळापासून बदललें, कारखाने बदलले, किंमती बदलल्या. बदलली नाहीं ती २२ मिलिमीटर व्यासाची टोपी, तिच्या दोन अंगांच्या दोन पिना आणि तारेंतून येणारा २३० व्होल्टांचा दाब. म्हणून भिंत फोडावी लागली नाहीं, कीं नवी तार ओढावी लागली नाहीं. दिव्यांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांचा सांधा टिकला.

आज मला बोलावयाचें आहे तें अशाच एका सांध्याविषयीं. मात्र तो दिव्याचा नसून यंत्रांच्या पोटांत बसविलेल्या लहान संगणकांचा आहे. ‘इंटरफेस’ हा शब्द आपल्या कानांवरून गेला असेल. दोन वस्तु जेथें एकमेकींस भेटतात ती जागा, आणि त्या भेटींत कोणीं काय करावयाचें याचा ठराव, हे दोन्ही अर्थ त्या शब्दांत आहेत. मी त्यास सांधाच म्हणेन. मी इंजिनियर नव्हे. शाळेंत विज्ञान शिकविलेला एक मास्तर आहें. त्यामुळें विषय मांडावयाचा तो मास्तराच्याच रीतीनें मांडतों.

संगणक म्हटला कीं मेजावरील पडदा आणि कळफलक डोळ्यांपुढें उभे राहतात. तथापि आपल्या रोजच्या व्यवहाराचा भार वाहणारे पुष्कळसे संगणक आपल्या दृष्टीस कधीं पडतच नाहींत. लिफ्टच्या नियंत्रण-पेटींत, रुग्णालयांतील डायलिसिसच्या यंत्रांत, तिकिटें देणाऱ्या यंत्रांत, पंपघरांत आणि कारखान्यांतील लेथवर तळहाताएवढी एक फळी असते. तिच्यावर प्रोसेसर, स्मृति आणि त्यांस लागणाऱ्या इतर चिपा बसविलेल्या असतात. तंत्रज्ञ तिला कार्ड म्हणतात, बोर्ड म्हणतात, किंवा मॉड्यूल म्हणतात. डायलिसिसचें यंत्र करणाऱ्यास रक्त, नळ्या आणि पंप यांचें ज्ञान असतें. संगणकाची फळी मुळापासून आंखण्याचा खटाटोप त्यानें कां करावा? तो तयार मॉड्यूल विकत घेतो आणि आपल्या यंत्रांत बसवितो.

ही सोय मोठी आहे. परंतु तिच्या पोटांत एक विसंगति दडलेली आहे. लिफ्ट वीस-पंचवीस वर्षें चालावी अशी आपली अपेक्षा असते. रेल्वेचीं व विमानांचीं यंत्रें त्याहूनही अधिक काळ चालतात. उलट चिपांचा बाजार चालतो तो मुख्यतः घरगुती संगणक आणि मोबाइल यांच्यावर, आणि तेथें चार-पांच वर्षांत माल जुना ठरतो. कांहीं चिपनिर्माते अशा यंत्रांसाठीं दहा ते पंधरा वर्षें पुरवठा करण्याचें जाहीर करतात. तरीही यंत्राचें वय त्याहून मोठें असूं शकतें. अमेरिकेंतील स्पेस शटल हें यान प्रथम १९८१ सालीं उडालें. त्याच्या अग्निबाणांची तपासणी करणाऱ्या उपकरणांत १९७८ सालची ८०८६ ही चिप होती. २००२ सालीं त्या कामाचीं माणसें लिलावाच्या संकेतस्थळांवर ती जुनी चिप शोधीत असल्याचें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. ज्या देशानें चंद्रावर माणूस उतरविला त्यावरही जुना बाजार धुंडाळण्याची पाळी आली!

मग एखादी फळी बिघडली आणि तशीच फळी मिळेना, तर दुसरी चालेल काय? याचें उत्तर सांध्याच्या तीन थरांवर अवलंबून असतें.

पहिला थर आकाराचा. फळीची लांबी-रुंदी, स्क्रूच्या भोकांच्या जागा, पिनांची संख्या आणि त्यांमधील अंतर हीं त्यांत येतात. हा थर डोळ्यांस दिसतो, म्हणून लोक त्यावरच विश्वास ठेवितात आणि फसतात. २०१४ सालीं रास्पबेरी पाय या ब्रिटिश निर्मात्यांनीं आपलें पहिलें कॉम्प्युट मॉड्यूल काढलें, तेव्हां त्यासाठीं लॅपटॉपमधील डीडीआर-२ स्मृतीच्या पट्टीचाच २०० संपर्कांचा सांचा घेतला. त्यामुळें त्यासाठीं निराळें सॉकेट घडवावें लागलें नाहीं. आकार तोच, परंतु एक केवळ स्मृतीची पट्टी आणि दुसरा पूर्ण संगणक. एकाच्या जागीं दुसरा बसेल, चालणार मात्र नाहीं.

दुसरा थर विजेचा. जुन्या चिपा ५ व्होल्टांवर चालत, पुढें ३.३ व्होल्ट आले, आणि आतां १.८ व्होल्ट व त्याहून कमी दाबही नित्याचा झाला आहे. ३.३ व्होल्टांसाठीं केलेल्या पिनेवर ५ व्होल्ट आले तर ती चिप जळण्याचा संभव असतो. कोणत्या पिनेवर किती दाब, किती प्रवाह, आणि वीज सुरू होतांना कोणता दाब आधीं व कोणता मागाहून, हें सारें ठरलेलें असावें लागतें.

तिसरा थर बोलीचा. दोन गृहस्थ समोरासमोर बसले, तरी एक कानडी आणि दुसरा बंगाली बोलूं लागला तर संवाद होत नाहीं. आरएस-२३२ नांवाचा सांधा अमेरिकेंत १९६० सालीं ठरला, आणि तो आजही कारखान्यांत व प्रयोगशाळांत आढळतो. त्यांत एक बाजू सेकंदास ९,६०० बिट आणि दुसरी १९,२०० बिट अशा गतीनें बोलूं लागली, तर तार अखंड असते, दाबही बरोबर असतो, आणि तरी पडद्यावर अर्थहीन अक्षरें उमटतात. प्रोग्रॅमही याच थरांत येतो. नवी फळी कितीही चपखल बसली, पण यंत्राचा जुना प्रोग्रॅम तिच्यावर चालेना, तर ती फळी त्या यंत्राच्या उपयोगाची नाहीं.

हे तीनही थर दीर्घकाळ सांभाळले गेल्याचें एक उदाहरण पाहूं. आयबीएम कंपनीनें १९८१ सालीं आपला पीसी बाजारांत आणला आणि त्याच्या आंतील सांध्याचा तपशील छापील पुस्तकांतून उघड केला. त्यामुळें इतर कारखान्यांस त्यांत बसणारीं कार्डें करतां आलीं. १९८४ सालीं त्या सांध्याची रुंदी ८ बिटांवरून १६ बिटांवर गेली. पण नवे संपर्क जुन्यांच्या पुढें जोडल्यामुळें जुनीं बहुतेक कार्डें निकामी झालीं नाहींत. पुढें त्यास आयएसए असें नांव पडलें. १९९२ सालीं कांहीं कंपन्यांनीं एकत्र येऊन हाच सांधा यंत्रांच्या पोटांत मावेल अशा लहान रूपांत आणला, आणि त्याचें नांव ठेविलें पीसी/१०४. ही १०४ पिनांची संख्या होय. ६४ एका कनेक्टरांत आणि ४० दुसऱ्यांत. फळी सुमारें ९० मिलिमीटर रुंद आणि ९६ मिलिमीटर लांब. वरच्या अंगास भोकें व खालच्या अंगास पिना असल्यामुळें जेवणाच्या डब्याचे पुड एकावर एक बसावे तशा या फळ्या रचतां येतात. चार कोपऱ्यांत चार लहान खांब घातले कीं हादऱ्यांनीं ती रचना सहसा सुटत नाहीं. कोणी चुकीच्या बाजूनें बसवूं नये म्हणून ठरलेल्या जागची पिन काढून समोरचें भोक बुजविण्याचीही त्यांत तरतूद आहे.

पुढें संगणकांची गति वाढली आणि आयएसए अपुरा पडूं लागला. तेव्हां काय केलें हें लक्षांत घेण्यासारखें आहे. १९९७ सालीं पीसी/१०४-प्लस आलें, त्यांत जुन्या १०४ पिना तशाच ठेवून पीसीआय या वेगवान सांध्याच्या १२० पिना निराळ्या जागीं बसविल्या. २००३ सालीं जुन्या पिना वगळलेलें रूप निघालें, आणि २००८ सालीं त्याहूनही वेगवान असा पीसीआय एक्सप्रेस आला. फळीचा मूळ आकार मात्र तोच राहिला. आपल्या देशांत १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, तेव्हां आणे आणि नवे पैसे कांहीं वर्षें शेजारीं शेजारीं चालले होते. तसाच हा प्रकार. जुन्या-नव्याचा असा संक्रमणकाळ ज्या सांध्यास लाभतो, त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या यंत्रांस श्वास घेण्यास अवधि मिळतो.

दुसरा एक मार्ग आहे, तो थोडा निराळा. यंत्रांतील संगणकाचे दोन भाग कल्पावे. एक लवकर जुना होणारा, दुसरा दीर्घकाळ टिकणारा. प्रोसेसर आणि स्मृति पहिल्या भागांत येतात. त्या विशिष्ट यंत्राच्या मोटारी, पंप, दिवे व मापनयंत्रें यांची जोडणी दुसऱ्या भागांत येते. पहिला भाग मॉड्यूलवर ठेवावयाचा आणि दुसरा त्याच्या खालच्या फळीवर, जिला कॅरियर बोर्ड म्हणतात. दहा वर्षांनीं मॉड्यूल जुनें झालें तर तेवढेंच उचलावें व नवें बसवावें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेला कॉम एक्सप्रेस हा ठराव या पद्धतीचें प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यांत २२० पिनांचे दोन कनेक्टर असून अनेक निरनिराळ्या कंपन्या त्यांत बसणारीं मॉड्यूलें करतात.

परंतु तेथेंही एक मेख आहे. या ठरावांत निरनिराळे प्रकार आहेत. टाइप-२ या प्रकारांत पीसीआय आणि जुन्या तबकड्यांचा आयडीई हे सांधे होते. २०१० सालीं आलेल्या टाइप-६ मध्यें ते वगळून त्यांच्या पिना पडद्याच्या जोडणीस व नव्या वेगवान सांध्यांस देण्यांत आल्या. कनेक्टर तोच, पिना तितक्याच. पण त्यांतील पुष्कळ पिनांचा अर्थ पालटला. म्हणून ठरावांतच तीन पिना अशा राखून ठेविल्या आहेत कीं त्यांवरून मॉड्यूलचा प्रकार ओळखतां यावा. सुज्ञ कर्ता आपल्या कॅरियर बोर्डावर अशी योजना करतो कीं प्रकार जुळत नसल्यास वीजच सुरू होऊं नये.

एकाच निर्मात्याच्या मालांतही ही सावधगिरी हवी. मघां सांगितलेल्या कॉम्प्युट मॉड्यूलच्या चौथ्या पिढीनें २०२० सालीं जुना २०० संपर्कांचा सांचा सोडला आणि प्रत्येकीं १०० पिनांचे दोन कनेक्टर घेतले. जुन्या सांच्यावर ज्यांनीं आपलीं यंत्रें उभारलीं होतीं, त्यांच्यासाठीं निर्मात्यांस तीच पिढी पुढें जुन्या आकारांतही काढावी लागली. २०२४ सालीं आलेल्या पांचव्या पिढीनें चौथीचे कनेक्टर कायम राखले. परंतु पूर्वीं कॅमेरा व पडदा यांस दिलेल्या कांहीं पिना वेगवान यूएसबीस दिल्या. ज्याचें यंत्र त्या पिनांस हात लावीत नव्हतें त्याचें काम बहुधा सुरळीत चालतें. ज्याचा कॅमेरा नेमका त्याच पिनांवर होता, त्यास आपली फळी पुन्हां आंखावी लागते. तात्पर्य, ‘बसतें’ आणि ‘चालतें’ यांमध्यें आपलें यंत्र कोणत्या पिना वापरतें हा प्रश्न उभा असतो.

येथें कोणी विचारील कीं, एकदां ठरलेला सांधा कायमचाच कां ठेवूं नये? कारण असें कीं, तसें केलें तर प्रगति खुंटेल. आयएसएचें घड्याळ सेकंदास सुमारें ८० लक्ष ठोके देई. आजच्या सांध्यांत एकेका तारेच्या जोडीवरून सेकंदास अब्जावधि बिट जातात. तेवढी गति जुन्या कनेक्टरांस पेलणारी नाहीं. मग मधला उपाय म्हणून पुलाची चिप घालतात. ती एका बाजूस नवी बोली बोलते व दुसऱ्या बाजूस जुनी. पण दुभाष्याच्या तोंडून गेलेलें बोलणें थोडें उशिरा पोंचतें, आणि त्यांतील कांहीं गळतेंही. एक आणा म्हणजे हिशेबानें सव्वासहा नवे पैसे. परंतु व्यवहारांत सहाच मिळत, पाव पैसा कोठें तरी जाई. बाजारांत तो पाव पैसा सोडून देतां येतो. ज्या यंत्राचें काम सेकंदाच्या सूक्ष्म अंशावर अवलंबून आहे, त्यास मात्र तो सोडतां येत नाहीं. म्हणून पूल बांधला तरी त्यावरून आपली गाडी प्रत्यक्ष नेऊन पाहावी लागते.

सांधा जुळला तरी फळीचें स्वतःचें वय असतेंच. तिच्यावरील द्रव भरलेले कपॅसिटर उष्णतेनें सुकतात. तापमान १० अंशांनीं वाढलें कीं त्यांचें आयुष्य सुमारें निम्में होतें, असा व्यवहारांतला आडाखा आहे. प्रोग्रॅम ज्या फ्लॅश स्मृतींत असतो तिच्यावर पुन्हां पुन्हां लिहिण्यास मर्यादा असते. जातीप्रमाणें कांहीं हजारांपासून सुमारें एक लाख वेळांपर्यंत. घड्याळ चालविणारी बटणासारखी सेल संपते. आणि एक विलक्षण दुखणें दिनांकाचें आहे. जुन्या अनेक प्रोग्रॅमांत १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद मोजून वेळ ठेवितात. त्या मोजणीस दिलेली जागा २,१४,७४,८३,६४७ सेकंदांवर भरते. तो क्षण आपल्या घड्याळानें १९ जानेवारी २०३८ रोजीं सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंद हा आहे. ज्या यंत्रांत सुधारणा झालेली नसेल, तें त्यापुढच्या सेकंदास स्वतःस १९०१ सालांत समजूं लागेल. आज बसविलेलें यंत्र तोंवर चालू राहणार असेल, तर हा प्रश्न आजच्याच खरेदीचा आहे.

हें सारें आपल्या घरापर्यंत कसें येतें तें सांगतों. आमच्या सहकारी गृहरचना संस्थेची लिफ्ट एका पावसाळ्यांत बंद पडली. मोटार शाबूत, दोर शाबूत, दारें शाबूत. बिघडलें होतें केवळ एक कार्ड. तें कार्ड आतां बनत नाहीं, आणि त्याच्या कोणत्या पिनेचें काय काम याचा कागद कोणाहीपाशीं नाहीं, असें उत्तर मिळालें. दुसऱ्या कोणी नवें कार्ड करून द्यावें म्हटलें तर त्यास आधार कशाचा? शेवटीं संपूर्ण नियंत्रण-पेटी बदलावी लागली. पैसा गेला तो गेलाच. पण तितके आठवडे सहाव्या मजल्यावरील एका वृद्ध बाईंस रुग्णालयांत नेतांना चौघांनीं खुर्चीसकट जिना उतरावा लागे. चांगल्या मोटारीचें आयुष्य एका न लिहिलेल्या ठरावानें आंखडलें. याउलट मोडबस नांवाची यंत्रांची बोली १९७९ सालीं प्रसिद्ध झाली, ती साधी आहे, छापून सर्वांस खुली आहे, आणि पुष्कळ कंपन्या ती वापरतात. म्हणून आजही नवें मापनयंत्र तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या नियंत्रकाशीं त्याच बोलीनें बोलूं शकतें. दीर्घायुष्य येतें तें अशा उघड्या आणि अनेकांनीं पाळलेल्या ठरावांतून.

म्हणून संस्थेसाठीं लिफ्ट घेतां, दवाखान्यासाठीं यंत्र घेतां, कीं कारखान्यासाठीं नियंत्रक घेतां, किंमत विचारण्याबरोबर आणखी पांच प्रश्न विचारा. आंतील मॉड्यूलचा सांधा प्रसिद्ध ठरावाप्रमाणें आहे कीं विक्रेत्याचा खाजगी? त्यांत बसणारें मॉड्यूल किती निरनिराळ्या कंपन्या करतात? पुरवठा कोणत्या सालापर्यंत होईल, आणि तो बंद होण्यापूर्वीं शेवटची मागणी नोंदविण्याची सूचना आम्हांस मिळेल काय? प्रोग्रॅमची प्रत आणि जोडणीचा कागद आमच्या हातीं द्याल काय? आणि २०३८ सालीं याचें घड्याळ काय करील? यांची उत्तरें तोंडीं घेऊं नका. करारपत्रांत लिहून घ्या. आमच्या संस्थेनें नव्या पेटीच्या वेळीं तसें केलें, आणि जोडणीच्या नकाशाची एक प्रत आज संस्थेच्या कपाटांत दस्तऐवजांच्या शेजारीं आहे.

यंत्र विकणारा मनुष्य आज आहे, उद्यां नसेल. कंपन्याही राहतात वा जातात. लिहिलेला ठराव मात्र आपल्या कपाटांत राहतो, आणि त्याच्या बळावर पुढच्या पिढींतील कोणी अनोळखी कारागीर आपलें यंत्र पुन्हां चालूं करूं शकतो. त्याच्यासाठीं तो कागद आजच मागून ठेवावा, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.